नांगराची निशाणी, बांगडीची निशाणी

जात पडताळणीसाठी वंशावळ लागते. ती प्रतिज्ञापत्रावर लिहितात. सर्वांत वर मूळ पुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, त्याखाली त्यांचे मुलगे. माझ्या भाच्याच्या प्रकरणासाठी आमच्या राजूरच्या घराची अशी वंशावळ लिहायचे काम माझ्याकडे आले. सहा पिढ्यांची माणसे बसवता बसवता कागद भरला, आणि त्यात एकही बाई नव्हती. जात वडिलांकडून सिद्ध करायची असते, म्हणून तक्ताही तसाच. त्यात नियमाबाहेरचे काही नव्हते. तरी सर्वांत वरच्या नावापाशी मी अडले. माझ्या खापरपणजोबांचे ते नाव. ते शेतकरी होते, एवढेच घरात सगळे सांगत. त्यांच्या बायकोविषयी कोणी काहीच सांगत नव्हते.

या दोघांचा माग काढताना जे हाती आले, त्याचा हा लेख. मी इतिहासाची पदवीधर नाही. मोडी लिपी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकले, आणि कागद कसा वाचायचा हे कागदांनीच शिकवले. घरातल्यांच्या इच्छेनुसार दोघांची नावे येथे देत नाही. आमच्याकडे त्यांना ज्या नावाने ओळखतात तेच वापरते : थोरले बाबा आणि थोरली आई.

कागद कोणाचा होतो

राजूर हे अकोले तालुक्यातले गाव. पश्चिमेला भंडारदरा, रतनगड, कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड. या मुलखाला डांगाण म्हणतात. येथल्या एका माणसाविषयी सरकारी दफ्तरात भरपूर कागद आहेत. तो म्हणजे देवगावचा राघोजी भांगरे. सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध तो उठला, पंढरपुरात पकडला गेला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. त्याच्या हालचाली, त्याचे साथीदार, त्याला शोधणाऱ्या तुकड्या, या साऱ्याचा पत्रव्यवहार झाला. बंडखोराचा कागद होतो. जो बंड करत नाही, वेळेवर सारा भरतो आणि आपल्या बाजेवर मरतो, त्याचा कागद होतो तो दोनच कारणांनी : त्याच्याकडे जमीन असते म्हणून, आणि त्याच्या डोक्यावर कर्ज असते म्हणून.

इंग्लंडमधल्या त्या काळच्या शेतकरी जोडप्याचा शोध घेणाऱ्याला मोठा आधार असतो. तिकडच्या चर्चमध्ये 1538 पासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. 1841 पासूनच्या जनगणनेत घराघरातली नावे टिकली आहेत. विवाहाच्या नोंदीत नवरा-बायको एकाच ओळीत सापडतात, सही येत नसेल तर दोघांच्या फुल्या शेजारी-शेजारी असतात. आपल्याकडे 1872 आणि 1881 च्या जनगणना झाल्या, पण त्यांतून उरले ते आकड्यांचे तक्ते. घरोघरी भरलेली पत्रके राहिली नाहीत. गोव्यातली चर्चे आणि 1831 पासून नगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशन यांच्या वह्या सोडल्या, तर मराठी शेतकऱ्याच्या लग्नाची नोंद करणारे दफ्तरच नव्हते. म्हणून नवरा-बायको एकत्र असलेला कागद आपल्याकडे दुर्मीळ. नवरा एका दफ्तरात, बायको दुसऱ्याच, आणि बहुधा कुठेच नाही.

आधी गाव, मग साल

शोधाला बसण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. पहिली, गाव. महाराष्ट्रात राजूर एकच नाही. जालना जिल्ह्यात गणपतीचे राजूर आहे, यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ कोळशाचे राजूर आहे. त्यात भर म्हणजे जुन्या इंग्रजी कागदांत आमचे अकोले 'अकोला' असे लिहिलेले असते. 1884 मध्ये निघालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही तसेच आहे. सूचीत नुसते अकोला पाहून वऱ्हाडाच्या दफ्तरात शिरलेला माणूस आठवडाभर बाहेर येत नाही. शिवाय नाशिक जिल्हा 1869 मध्ये वेगळा झाला. सिन्नरसारख्या शेजारच्या भागाचे त्यापूर्वीचे कागद नगरच्या नावावर असतात. आमच्या भागातल्या सोयरिकी घाट आणि डोंगर ओलांडून होत आल्या आहेत, तेव्हा सुनेचे माहेर शोधणाऱ्याने ही हद्द लक्षात ठेवलीच पाहिजे. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पुढच्या शोधकाला हेही सांगावे लागेल.

दुसरी गोष्ट, साल. एकाच घरातल्या कागदांवर चार प्रकारची साले असू शकतात. सारा आणि शेतीचे व्यवहार फसली सनात. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, पण हे साल जूनच्या सुमारास बदलते, म्हणून काही महिन्यांसाठी 591. पंचांग पाहून लिहिलेल्या कागदावर शक, त्यात 78. जुन्या मराठेशाही वळणाच्या कागदावर अरबी शब्दांतला सुहूर सन, त्यात 599. गुजर-मारवाडी सावकाराच्या वहीत विक्रम संवत. त्यातून 57 वजा. म्हणजे 1876-77 चा दुष्काळ फसली 1286 मध्ये आहे, शके 1798 मध्येही आहे. आणि ज्याला म्हातारी माणसे 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात, तो 1856 चा नव्हे, तर संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा.

जमीन : एका नावामागचे घर

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक रुमाल आहे. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचे फडके. त्यात सारा भरल्याच्या पावत्या, चार कर्जखते आणि काही सुटे चिठोरे निघाले. सगळे मोडीत.

पावत्यांवर सर्व्हे नंबर आणि आकार आहे. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पाहणीतून आली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. जमीन मोजायची, तिचे तुकडे करून नंबर द्यायचे, मगदूर पाहून आकार ठरवायचा आणि तो साधारण तीस वर्षे बदलायचा नाही. प्रत्येक नंबरापुढे सारा भरायला जबाबदार असा एक खातेदार.

एक, हे महत्त्वाचे. खात्यावर थोरल्या बाबांचे नाव दिसते, म्हणून ती जमीन ते एकटे कसत होते असे मुळीच नाही. मागे भाऊ, त्यांच्या बायका, आई, मुले असे अख्खे घर राबत असे. सरकारला सारा हवा होता, कुटुंब नको होते. जमिनीत कोणाकोणाचे हक्क आहेत याची गाववार नोंद 1903 च्या कायद्याने सुरू झाली. फेरफार आणि आजचा सातबारा हे त्या नोंदीचे वंशज. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या खात्यावरचे नाव हे दारावरच्या पाटीसारखे समजावे. पाटीमागे कोण राहत होते, ते दुसरीकडे पाहावे लागते.

पण पावत्या आणखी एक गोष्ट सांगतात, ती आकारातून. आमच्या नंबरांपैकी एकाला बरा आकार आहे, बाकीच्यांना किरकोळ. डांगाणात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बरा आकार म्हणजे भाताचे खाचर. किरकोळ म्हणजे उताराची वरकस जमीन, जिच्यात नागली, वरई आणि मग खुरासणी घ्यायची आणि नंतर काही वर्षे पड ठेवायची. हे शेत चालते ते राबावर. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्यावर पालापाचोळा, गवत, शेण पसरून जाळायचे, त्या राखेत रोप टाकायचे आणि पाऊस लागला की आवणी. फांद्या पुरुष तोडतो. पालापाचोळा आणि शेण डोक्यावरून आणायचे, रोप उपटायचे आणि गुडघाभर चिखलात वाकून आवणी करायची, हे बहुतेक बाईचे काम. त्या पावतीवर थोरल्या आईचे नाव नाही. पण जो आकार भरला गेला, तो तिच्या कमरेतून आला हे ती शेती जाणणारा कोणीही सांगेल.

1878 चा वन कायदा आला आणि जंगलाची राखीव-संरक्षित अशी वाटणी सुरू झाली. कालपर्यंत राबासाठी जी फांदी तोडायची, ती तोडणे आता परवानगीचे किंवा गुन्ह्याचे झाले. जंगल गेले तर राब अडतो, राब अडला तर रोप अडते. सारा मात्र अडत नाही. कर्जाची एक वाट येथून जाते.

कर्ज : खत घरी कसे आले?

चार खते आहेत. एका घरातली खते क्रमाने लावून वाचली की ती एका घरगुती चरित्रासारखी उलगडतात. त्यासाठी मात्र खताची भाषा माहीत हवी.

1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई. देताना मनोती म्हणून काही रक्कम आधीच कापून घ्यायची, धान्य दिले तर सवाई-दिढीने परत घ्यायचे, हे वेगळेच. आमचे पहिले खत फसली 1280 च्या दशकाच्या सुरुवातीचे आहे. कारण लिहिले आहे 'बैलाकरिता'. राजूरला आजही डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. अंगावर पाऊस झेलणारा हा बैल नसेल, तर चिखलातली शेती होत नाही. त्यामुळे हे कारण खरे मानायला हरकत नाही. दुसऱ्या खतात मात्र बैल नाही, नवी रोख रक्कमही नाही. आहे ती 'मागील बाकी', आणि ती पहिल्यापेक्षा मोठी. तीन वर्षांत घरात काहीच आले नव्हते, कर्ज तेवढे वाढले होते.

हीच कहाणी पुणे आणि नगर जिल्ह्यांत हजारो घरांची होती. डिसेंबर 1874 मध्ये शिरूरजवळच्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. लोकांनी सावकारांकडून खते आणि वह्या मागून जाळल्या. धान्य किंवा पैसा यांपेक्षा त्यांचा राग कागदावर होता, हे चौकशी आयोगाच्याही लक्षात आले. आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. शेतकऱ्याचे खत आता गावनिबंधकापुढे व्हावे, त्याला पावती मिळावी, न्यायालयाने खताच्या मागचा हिशेबही तपासावा, अशा तरतुदी आल्या. दाव्याची मुदतही वाढली. आमच्या रुमालात हा बदल स्पष्ट दिसतो : पहिल्या तीन खतांमध्ये तीन-तीन वर्षांचे अंतर, तिसऱ्या आणि चौथ्यात मोठे अंतर, आणि चौथ्यावर निबंधकाचा शेरा.

येथे एक साधा प्रश्न विचारावा. खत तर सावकाराजवळ असते, मग ते देणेकऱ्याच्या घरी कसे? कर्ज फिटले किंवा नव्या खतात वळते झाले, की जुने खत परत मिळते. म्हणून घरात सापडलेले खत म्हणजे संपलेले खत. पहिली तीन पुढच्या-पुढच्या खतात विरली. चौथे घरी आहे, त्या अर्थी ते फिटले. पण कशाने? उत्तर खतात नाही, साऱ्याच्या पावत्यांत आहे. चौथ्या खतानंतरच्या पावत्यांत एक सर्व्हे नंबर दिसेनासा होतो. तो खाचराचा नंबर आहे. ज्या बैलासाठी कर्ज काढले, त्या बैलाने नांगरायचे शेतच शेवटी कर्जात गेले.

एका कागदावर दोघे

आता तिसऱ्या खताकडे येते. ते 1876-78 च्या दुष्काळातले. त्या काळात नगर जिल्ह्यात दुष्काळी कामे निघाली. दौंड-मनमाड लोहमार्ग हे त्यांतले मोठे काम. छापील अहवालांत कामावर किती माणसे होती याचे आकडे आहेत, माणसे नाहीत. आमच्या तिसऱ्या खतात मात्र दोन माणसे आहेत.

लिहिता न येणारा शेतकरी खताखाली नांगराचे चित्र काढी किंवा त्याच्यासाठी लेखक ते काढी, आणि शेजारी 'निशाणी नांगर' असे लिही. सुताराची, न्हाव्याची, प्रत्येकाची आपापल्या हत्याराची निशाणी असे. पुढे अंगठा आला आणि सगळ्यांची निशाणी एकच झाली. तिसऱ्या खताखाली थोरल्या बाबांचा नांगर आहे, आणि त्याखाली एक लहान वर्तुळ. शेजारी लिहिले आहे 'निशाणी बांगडी', आणि एका बाईचे नाव. नावापुढे 'कोम', आणि मग थोरल्या बाबांचे नाव.

'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदांत 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसे 'कोम' किंवा 'भ्रतार' हे शब्द बाईला नवऱ्याशी जोडतात. मोडीत हे शब्द घाईने, एका झटक्यात लिहिलेले असतात. नवशिका वाचक ते आडनाव समजतो किंवा ओलांडून जातो. बाई शोधायची असेल तर हे दोन शब्द डोळ्यांत तेल घालून शोधावेत.

पण आधीच्या दोन खतांवर ती नव्हती, मग येथेच का? याचे उत्तर मजकुरात आहे. या खतात जमिनीबरोबर चांदीचे गोठ तारण लिहिले आहेत. अंगावरचे दागिने हे बाईचे स्त्रीधन. उद्या तिने हक्क सांगू नये, म्हणून सावकाराने तिची निशाणी घेतली. हातातले गोठ गेले आणि कागदावर बांगडी आली. थोरल्या आईचे नाव एकोणिसाव्या शतकातल्या ज्या एकमेव कागदावर मला सापडले, तो हा.

बाई कुठे शोधावी

तिच्या पुढच्या खुणा तीन ठिकाणी मिळाल्या, आणि तिन्हींची विश्वासार्हता वेगवेगळी आहे.

पहिली फेरफाराची. 1903 च्या कायद्यानंतर हक्कनोंद सुरू झाली तेव्हा थोरले बाबा हयात नव्हते. वारस म्हणून मुलांची नावे लागली, थोरला मुलगा एकत्र कुटुंबाचा कर्ता झाला. विधवेचे नाव लावायचे कारण नव्हते, कारण मुलगे असताना तिला त्या काळच्या कायद्याने पोटगीपुरताच हक्क होता. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाबरोबर वाटा देणारा कायदा 1937 मध्ये आला. तरीही ती नोंदीत आहे, कारण धाकटा मुलगा अज्ञान होता. त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालन कर्ती, आई, आणि तिचे नाव. सज्ञान मुलांची आई म्हणून तिची नोंद झाली नाही, अज्ञान मुलाची आई म्हणून झाली.

या एका नोंदीतून वयाचा अंदाज बांधता येतो. मुलगा अठराच्या आत, म्हणजे 1885 नंतर जन्मलेला. मूल होताना आई पंचेचाळिशीच्या आत असणार, तेव्हा तिचा जन्म 1840 च्या आधीचा नाही. दुसरीकडे, 1880 च्या दशकाअखेरच्या चौथ्या खतावर थोरल्या मुलाचा स्वतंत्र नांगर आहे. म्हणजे तो तेव्हा सज्ञान, 1870 च्या आसपास किंवा आधी जन्मलेला. त्यावरून आईचा जन्म 1855 च्या पुढे नेता येत नाही. पंधरा वर्षांच्या पट्ट्यात ती बसली. जन्मतारीख नसलेल्या माणसासाठी एवढे पुष्कळ आहे.

दुसरी खूण त्र्यंबकेश्वरची. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव यांप्रमाणे लावलेल्या असतात. यात्रेकरू आला की त्याचे नाव, बाप-आजा, भाऊ, मुलगे, आणि श्राद्धाच्या निमित्ताने आई, आजी, बायको यांची नावेही लिहून घेतात. जमिनीच्या दफ्तराला पिंड लागत नाही. उपाध्यायाला लागतो, आणि पिंडासाठी आईचे नाव लागते. म्हणून सरकारी दफ्तरात नसलेल्या बायका या वह्यांत भेटतात. आमच्या नोंदीत धाकट्या मुलाने आईचे नाव सांगितले आहे. खतावर ते एकेरी होते, हाक मारल्यासारखे. वहीत त्याला 'बाई' लागले आहे आणि ते संस्कृत वळणाचे झाले आहे. ही एकच बाई कशावरून? गाव तेच, नवरा तोच, मुलांचा क्रम तोच. एका कागदावर विसंबू नये. दोन कागद जेव्हा एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती धरावी.

तिसरी खूण ओवीची. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येत. त्यांत माहेर म्हणून इगतपुरीकडचे एक गाव वारंवार येई, आणि आमच्या घरात त्या गावची दुसरी कोणी सून कोणाला आठवत नाही. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा या गाण्यांत गावे, भाऊ, सासू, सोयरे किती दाटीने येतात हे सर्वांना दिसले. ओवी हा पुरावा नव्हे. ती फिरते, दुसऱ्या घरची ओवी या घरात येते. पण कुठे शोधायचे ते ती सांगते. त्या गावच्या उपाध्यायांची वही पाहणे हे माझे पुढचे काम आहे.

एक सावधगिरी सर्वांनाच सांगते. आपल्याकडे नातवाला आजोबाचे आणि नातीला आजीचे नाव ठेवतात. त्यामुळे दोन पिढ्या सोडून तेच नाव, तोच बाप, तेच गाव असे जोडकाम पुन्हा येते. साल न पाहता नाव जुळवले, तर आजोबा आणि नातू मिळून शंभर वर्षे जगलेला एकच माणूस तयार होतो.

कारकुनाचा एक शब्द

हे सगळे हौस म्हणून केले तर गोड आहे. पण आमच्या भागात जुना कागद ही हौस नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा पाहतात. इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि गावोगावची कोतवाल बुके उघडली गेली. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही. तिच्यात बहुधा बापाचे नाव, जात, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. पुष्कळदा बाळाचे नावही नसते. जातीच्या रकान्यात लिहिणाऱ्याने 'महादेव कोळी' लिहिले की नुसते 'कोळी', हे त्याच्या सवयीवर आणि रकान्याच्या रुंदीवर अवलंबून होते. त्या एका शब्दावर आज पणतूचा प्रवेश आणि नोकरी अडते.

आमच्याकडे निदान रुमाल होता. ज्यांच्या नावावर खातेच नव्हते, जे दुसऱ्याच्या बांधावर राबले, ज्यांना सावकारानेही कर्ज दिले नाही, त्यांच्या घरी काय असणार? भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये पूर्ण झाले. पाण्याखाली गेलेल्या घरांपैकी ज्यांची जमीन होती त्यांची नावे भूसंपादनाच्या निवाड्यात मिळू शकतात. ज्यांची फक्त झोपडी होती, ते कागदाच्या दृष्टीने कधी नव्हतेच. म्हणून पुरावा नाही म्हणजे माणूस नाही, असा निष्कर्ष काढताना आपण कुठल्या दफ्तराला साक्षीला बोलावतो आहोत, याचा विचार व्हायला हवा. हे दफ्तर सारा आणि कर्ज वसूल करण्यासाठी बनले होते. वंश आणि जात सिद्ध करायला ते बनले नव्हते, आणि बायकांची आठवण ठेवायला तर नव्हतेच.

वाचकांना एक विनंती. घरात मोडीचे कागद असतील तर ते 'वाचता येत नाहीत' म्हणून रद्दीत देऊ नका. त्यांना प्लास्टिकमध्ये कोंडू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती फडक्यात, कोरड्या जागी ठेवा आणि त्यांचे फोटो काढून घ्या. मोडीचे वर्ग राज्याचे पुराभिलेख संचालनालय घेते, ठिकठिकाणी हौशी मंडळीही घेतात. लिपी महिन्याभरात ओळखीची होते. हात बसायला वर्ष लागते. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला कागदाआधी विचारा. कागद थांबेल.

आज त्या दोघांविषयी मला जे खात्रीने माहीत आहे, ते एका परिच्छेदात मावते. त्यांच्याकडे एक खाचर आणि काही वरकस जमीन होती. त्यांनी बैलासाठी कर्ज काढले. दुष्काळात तिचे चांदीचे गोठ तारण गेले. पुढे खाचर गेले, कर्ज फिटले. नवरा गेल्यावर धाकटा मुलगा तिच्या पालनाखाली राहिला, आणि मोठा झाल्यावर त्याने त्र्यंबकेश्वरी जाऊन तिचे नाव लिहवले. वंशावळीच्या तक्त्यात तिला जागा नव्हती. घरासाठी मी जी दुसरी प्रत केली आहे, तिच्यात सर्वांत वर दोन नावे आहेत, आणि प्रत्येक पिढीत, जेवढ्या मिळाल्या तेवढ्या, बायकाही आहेत. काही जागा रिकाम्या सोडल्या आहेत.